मैदान विद्यापीठाबाहेर नेऊ नका

अमेरिकी विद्यापीठे १ जुलै २०२५ पासून आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा ठरली आणि कोणाला किती मिळणार यावरच सगळी चर्चा रंगली. मला मात्र त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंटकी विद्यापीठाने घेतलेला निर्णय अधिक महत्त्वाचा वाटतो. तिथल्या विश्वस्त मंडळाने अख्खा क्रीडा विभाग ‘चॅम्पियन्स ब्लू’ या वेगळ्या कंपनीकडे सोपवायला मंजुरी दिली. सरकारी विद्यापीठाच्या चौकटीत उत्पन्नाचे नवे मार्ग शोधणे अवघड जाते, हा त्यामागचा विचार. खर्चाचा डोंगर पाहता तो समजण्यासारखा आहे. तरीही ही दिशा चुकीची आहे, कारण क्रीडा विभाग आणि बाकीचे कॅम्पस एकमेकांपासून तुटले की काय घडते, हे अमेरिकेने याआधीच पाहिले आहे.

चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९९३ ते २०११ अशी तब्बल १८ वर्षे एका विभागात नावापुरते वर्ग चालले. तास होत नसत. एक निबंध द्यायचा आणि भरघोस गुण घ्यायचे; ते गुणही प्राध्यापक नव्हे, कार्यालयातील कर्मचारी देत असे. केनेथ वेनस्टीन यांच्या २०१४ च्या चौकशी अहवालानुसार ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी या वर्गांत नाव नोंदवले, त्यांतले निम्म्याच्या आसपास खेळाडू होते. खेळाडूंची पात्रता टिकावी म्हणून त्यांचे शैक्षणिक सल्लागारच त्यांना तिकडे वळवत. हे वर्ग सर्व विद्यार्थ्यांना खुले होते, म्हणून खेळांच्या राष्ट्रीय नियामक संस्थेला, म्हणजे एनसीएएला, २०१७ मध्ये शिक्षा करता आली नाही. यावर कोणी म्हणेल, हेही खेळ आणि शिक्षण यांचे सहकार्यच होते की! सहकार्य नव्हे, संगनमत. दोन्हीकडच्या लोकांनी परस्पर सोय लावली आणि इतकी वर्षे कोणी त्याचा जाब विचारला नाही. क्रीडा विभाग अभ्यासाच्या दर्जाची जबाबदारी प्राध्यापकांवर टाकू शकत होता, प्राध्यापक खेळाडूंची क्रीडा विभागावर.

या दुराव्याचा सर्वांत खोल विचार माइल्स ब्रँड यांनी केला. ते मुळात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. इंडियाना विद्यापीठाचे अध्यक्ष असताना २००० मध्ये त्यांनी बॉब नाइट या बास्केटबॉल प्रशिक्षकाला काढून टाकले, तेही त्या राज्यात त्याची जवळजवळ पूजा होत असताना. २००३ पासून २००९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते एनसीएएचे प्रमुख होते. त्यांचा प्रश्न साधा होता: विद्यापीठात व्हायोलिन शिकणाऱ्याचा रियाज आणि मैफल हा शिक्षणाचा भाग ठरतो, मग धावपटूचा सराव ‘अवांतर’ का? बुद्धीला वर आणि देहाला खाली बसवणारा हा जुना पूर्वग्रह आहे, असे ते मांडत. मला हा युक्तिवाद पटतो, पण अर्धाच. व्हायोलिन शिकवणाऱ्याची नोकरी शनिवारच्या सामन्यावर अवलंबून नसते, फुटबॉल प्रशिक्षकाची असते. म्हणून खेळाला शिक्षणाचा दर्जा द्यायचा, तर प्रशिक्षकाला शिक्षकासारखे उत्तरदायीही करावे लागेल. ब्रँड यांच्या कारकिर्दीत आलेल्या शैक्षणिक प्रगती निर्देशांकाने त्याची सुरुवात केली. या निर्देशांकात कमी पडल्यामुळेच कनेक्टिकटच्या पुरुष बास्केटबॉल संघाला २०१३ च्या राष्ट्रीय स्पर्धेला मुकावे लागले. पुढच्याच वर्षी तो संघ विजेता ठरला, म्हणजे अभ्यासाची अट घातल्याने खेळ बुडाला नाही.

व्हँडरबिल्ट विद्यापीठ याहून पुढे गेले. कुलपती गॉर्डन गी यांनी २००३ मध्ये स्वतंत्र क्रीडा विभागच मोडला, क्रीडा संचालकाचे पद रद्द केले आणि खेळ विद्यार्थी जीवनाच्या विभागाखाली आणले. आता इथला खेळ संपला, असे भाकीत तेव्हा अनेकांनी केले. प्रत्यक्षात विद्यापीठाला पहिले राष्ट्रीय सांघिक विजेतेपद २००७ मध्ये महिलांच्या बोलिंगमध्ये मिळाले, २०१४ मध्ये बेसबॉलमध्येही मिळाले. पुढे संचालकाचे पद परत आले, हे खरे. व्हँडरबिल्ट खासगी आणि श्रीमंत आहे, मोठ्या सरकारी विद्यापीठांना हे झेपणार नाही, हा आक्षेपही मी मान्य करतो. पण खेळाडूंच्या शैक्षणिक सल्लागारांचा पगार आणि बढती क्रीडा विभागाच्या हाती न ठेवता प्राध्यापकांच्या बाजूला द्यायला श्रीमंती लागत नाही. खेळाडूंच्या प्रवेशाचा अंतिम शब्द प्रवेश कार्यालयाचा असावा, यालाही नाही.

केंटकीच्या बाजूचा सर्वांत दमदार मुद्दा असा, की वेगळी कंपनी काढल्याने विद्यापीठ आर्थिक धोक्यापासून दूर राहते. तोटा झाला तर मात्र हात शेवटी विद्यापीठापुढेच पसरले जाणार, कारण जर्सीवर नाव त्याचेच असते आणि खेळाडूही त्याचाच विद्यार्थी असतो. हा भार विद्यार्थ्यांपर्यंतही पोहोचतो: अमेरिकेतल्या अनेक सरकारी विद्यापीठांत सर्व विद्यार्थ्यांकडून सक्तीने घेतलेल्या शुल्काचा काही भाग क्रीडा विभागाकडे जातो. तिकडे शिकायला जाणारी आपली मुलेही तो भरतात. प्रवेश घेण्याआधी शुल्काच्या तपशिलात ही रक्कम किती आहे ते पालकांनी नक्की विचारावे, आणि तिचा हिशेब कोण ठेवते तेही.