महाराष्ट्र फिल्म कंपनी : एका विस्मृत चित्रसंस्थेचा शोध आणि जतन

कोल्हापुरातील खरी कॉर्नर येथे कॅमेऱ्याचा एक स्मृतिस्तंभ उभा आहे. त्याच्या बाजूने रोज शेकडो माणसे जातात. परंतु हा कॅमेरा कोणाचा आणि तो येथे का, असे विचारले तर उत्तर देणारे थोडेच भेटतील. मराठी चित्रपटाच्या इतिहासात ज्या संस्थेने कलावंतांची एक संपूर्ण पिढी घडविली, त्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे स्मरण हा स्तंभ करून देतो. कंपनी बंद पडून नव्वदांहून अधिक वर्षे लोटली. तिच्या चित्रपटांपैकी बहुतेक सर्व नष्ट झाले. असे असता तिचा वारसा शोधावयाचा कोठे आणि जपावयाचा कसा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पडदे रंगविणारे हात

कंपनीचे संस्थापक बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, यांचा जन्म १८९० साली कोल्हापुरात झाला. ते आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटकमंडळ्यांसाठी पडदे रंगवीत. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रदर्शित झाला आणि या दोघांना चित्रपटाचा ध्यास लागला. विलायती कॅमेरा विकत घेणे आवाक्याबाहेरचे होते. म्हणून तो स्वतःच तयार करावयाचा त्यांनी निश्चय केला. १९१६ साली आनंदरावांचे अकाली निधन झाले. तरीही बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साह्याने कॅमेरा पूर्ण केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल पुरविले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

‘सैरंध्री’ हा कंपनीचा पहिला चित्रपट १९२० साली पुण्यात प्रदर्शित झाला. स्त्रीभूमिका पुरुषांनीच करावयाच्या त्या काळात या चित्रपटात स्त्रियांनी भूमिका केल्या. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. पुढे ‘सिंहगड’ (१९२३) या चित्रपटात कृत्रिम प्रकाशाचा वापर करण्यात आला. ‘सावकारी पाश’ (१९२५) हा चित्रपट पुराणकथा आणि इतिहास बाजूस ठेवून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याकडे वळला. जमीन सावकाराच्या घशात गेल्यावर शहरातील गिरणीची वाट धरणारा शेतकरी त्यात दिसला. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती.

शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर ही मंडळी या कंपनीतच तयार झाली. १९२९ साली त्यांनी बाहेर पडून सीताराम कुलकर्णी यांच्यासह ‘प्रभात’ची स्थापना केली. १९३१ साली ‘आलम आरा’ने बोलपटाचे युग सुरू केले आणि त्याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनीचा कारभार आटोपला. ‘प्रभात’चे नाव घरोघरी पोहोचले, ज्या शाळेत ‘प्रभात’चे संस्थापक शिकले तिचे नाव मात्र मागे पडले.

चित्रपट नाहीसे का झाले?

भारतात सुमारे तेराशे मूकपट तयार झाले. त्यांपैकी पूर्ण अथवा अंशतः उपलब्ध असलेल्यांची संख्या तिसांच्या आसपास सांगितली जाते. ‘सावकारी पाश’चा मूकपट आज उपलब्ध नाही. या नाशाला तीन कारणे घडली. पहिले कारण फितीच्या द्रव्यात आहे. त्या काळची फीत नायट्रेटची असे. ती अत्यंत ज्वालाग्राही असून एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. उष्ण व दमट हवेत ती चिकट होते आणि अखेर तिची भुकटी होते. दुसरे कारण व्यापारी आहे. बोलपट आल्यावर मूकपटाला बाजार उरला नाही आणि जुन्या फिती त्यांतील चांदीसाठी विकल्या गेल्या. तिसरे कारण आपल्या वृत्तीत आहे. चित्रपट ही चार दिवसांची करमणूक, ती जपून काय ठेवावयाची, ही समजूत समाजात होती आणि शासनव्यवस्थेतही होती. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ साली. तोपर्यंत बरेच काही हातचे गेले होते. पुढे २००३ साली पुण्यातील आगीत नायट्रेटच्या अनेक मौल्यवान फिती जळाल्या. वारसा एकदा गोळा केला म्हणजे सुरक्षित झाला असे नव्हे, हा त्या आगीचा धडा आहे.

कागद काय सांगतात?

फीत नसली तरी संस्था समजून घेता येते. बाबूरावांनी चित्रपटासोबत माहितीपत्रके काढली. चित्रपटाची भित्तिचित्रेही ते स्वतः रंगवीत. ‘कल्याण खजिना’ (१९२४) या चित्रपटाचे भित्तिचित्र आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपट-भित्तिचित्रांत सर्वांत जुने मानले जाते. वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांतील जाहिरातींवरून कोणता चित्रपट कोठे आणि किती दिवस चालला हे कळते. शांतारामांचे ‘शांतारामा’ हे आत्मचरित्र कंपनीतील दिवसांचे वर्णन करते. १९२७-२८ च्या रंगाचारियर समितीपुढील साक्षींत त्या काळच्या धंद्याचे चित्र सापडते.

परंतु आठवण आणि पुरावा यांत फरक आहे. साधे स्थापनावर्षच पाहावे. काही ग्रंथांत ते १९१७ आढळते, तर काहींत १९१८. अशा वेळी एक आकडा निवडून दुसरा खोडून टाकू नये. कोणता आकडा कोठे मिळाला हे नोंदवून मूळ कागदाचा शोध घ्यावा.

हे मूळ कागद अनेकदा शासकीय दप्तरांतच असतात. १९१८ च्या कायद्यान्वये चित्रपटाच्या खेळांना परवाना आवश्यक झाला. ब्रिटिश मुलखातील जिल्ह्यांत असे परवाने, जागांची तपासणी आणि तक्रारी यांचा पत्रव्यवहार होत असे. कोल्हापूर संस्थानाचे जुने दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहे. अभिलेखांचे निंदणीकरण करताना तात्पुरत्या वर्गातील एखादी जुनी संचिका रद्दीत जाते आणि तिच्याबरोबर एखाद्या गावात पहिला चित्रपट केव्हा दाखविला गेला याचा एकमेव पुरावाही जातो. नाश करण्यापूर्वी अशी संचिका पुराभिलेख विभागाच्या नजरेस आणून देणे, हे अभिलेख सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातचे काम आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

मूकपट प्रत्यक्ष पाहिलेली पिढी आता उरलेली नाही. तथापि कंपनीत सुतार, रंगारी, शिंपी, नट म्हणून काम केलेल्यांच्या घरांत एखादे छायाचित्र, पत्र अथवा हत्यार अद्याप असू शकते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहवून घ्याव्यात. सांगणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि ही गोष्ट त्याने स्वतः पाहिली की ऐकली, एवढे प्रत्येक नोंदीत असावे. छायाचित्रातील व्यक्तींची नावे ओळखणारा माणूस हयात असतानाच लिहून ठेवावीत. ती मऊ पेन्सिलीने मागील बाजूस कडेला लिहावीत, शाईने नव्हे.

जुनी फीत सापडल्यास ती यंत्रावर चालवून पाहण्याचा मोह टाळावा. सुकलेली फीत एकदा तुटली की प्रतिमा गेली. नायट्रेटची शंका असल्यास डबा वस्तीपासून दूर, थंड व हवेशीर जागी ठेवावा, आसपास दिवा किंवा विडी पेटवू नये आणि त्वरित पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी संपर्क साधावा. पुढील काळातील फितीला शिरक्यासारखा वास येऊ लागला तर तिचाही नाश सुरू झाला आहे असे समजावे. जुन्या कागदांना चिकटपट्टी लावू नये, त्यांवर प्लास्टिकचे आवरण चिकटवू नये. ते स्वच्छ कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावेत. मालकाला वस्तू द्यावयाची नसेल तर तिचे छायाचित्र आणि नोंद तेवढी मागावी. कोणाच्या घरातील ठेव लिखित संमतीवाचून उचलू नये.

ग्रामपंचायतींनाही यात वाटा आहे. गावातील जुने चित्रगृह, तंबू उभारण्याचे मैदान, चित्रीकरणाची जागा यांची नोंद गावाच्या माहितीत करता येईल. इमारत पाडण्याची वेळ आलीच, तर पाडण्यापूर्वी तिची छायाचित्रे व मोजमापे घेण्यास फारसा खर्च येत नाही.

‘सावकारी पाश’ पडद्यावर आला तेव्हा खेड्यातील माणसाने आपलेच दुःख कदाचित प्रथमच समोर पाहिले असेल. तो चित्रपट आज आपण पाहू शकत नाही. परंतु तो कोणी घडविला, कोणी पाहिला आणि त्यातून कोणती परंपरा पुढे चालली, हे अजून शोधता येते. त्याचा पुरावा एखाद्या माळ्यावरच्या ट्रंकेत असेल, एखाद्या तालुक्याच्या अभिलेखकक्षात असेल. तो रद्दीच्या काट्यावर चढण्यापूर्वी आपला हात तेथे पोहोचला पाहिजे.