एआरएन कोणाचा, ईयूआयएन कोणाचा?

पुण्यातल्या स्वारगेट, मुकुंदनगर, गुलटेकडी या पट्ट्यात चार-पाच माणसांवर चालणाऱ्या गुंतवणूक सल्ल्याच्या ऑफिसांबद्दल नोकरी शोधणारे दोन टोकांचं बोलतात: 'तिथे भविष्य नाही' किंवा 'तिथे सगळं शिकायला मिळतं'. दोघंही ऑफिसचा आकार बघतात. बघायला हवा तो पैसा कुठून येतो. बोलताना सगळेच 'सल्लागार', पण म्युच्युअल फंडांची संघटना ॲम्फी हिचा एआरएन, म्हणजे नोंदणी क्रमांक, घेतलेला वितरक फंड कंपनीच्या कमिशनवर चालतो आणि २०१३च्या नियमांखाली सेबीकडे नोंदलेला सल्लागार ग्राहकाच्या फीवर. 'कमिशन गेलं, धंदा संपला' हेही अर्धसत्यच. २००९मध्ये गुंतवतानाच कापला जाणारा एंट्री लोड गेला, २०१३मध्ये वितरकाविना घेता येणारे डायरेक्ट प्लॅन आले, २०१८मध्ये आगाऊ कमिशन बंद झालं. उरलं ते ट्रेल, म्हणजे ग्राहकाचे पैसे फंडात आहेत तोवर मिळणारं. त्यामुळे जुने ग्राहक टिकवलेल्या छोट्या ऑफिसात नवा धंदा नसलेल्या महिन्यातही पगार निघतो. बाजार पडला की ट्रेलही आटतं, हे मात्र खरं.

शिकण्याचा दावा बऱ्याच अंशी पटतो. गुंतवणूकदार वारला की मृत्यूचा दाखला, नॉमिनीचं केवायसी, रद्द केलेला चेक आणि ट्रान्समिशनचा फॉर्म जमवणं, सही जुळली नाही तर पुन्हा धावपळ. मोठ्या बँकेत हे दुसऱ्या खात्याकडे जातं, इथे ज्याने एसआयपी सुरू करून दिली त्याच्याच टेबलावर येतं. खरी गोम मात्र गुंतवणुकीच्या फॉर्मवरच्या दोन चौकोनांत आहे. ईयूआयएन हा ओळख क्रमांक कर्मचाऱ्याचा, एआरएन फर्मचा, आणि कमिशन एआरएनवर जमा होतं. 'मी आणलेले ग्राहक माझे' या समजुतीवर विसंबून नोकरी सोडणाऱ्याचं ट्रेल मागेच राहतं.

यावर कोणी म्हणेल, मग बँकच बरी, निदान पीएफ तरी आहे. आक्षेप रास्त आहे. पीएफची सक्ती साधारण वीस कर्मचाऱ्यांपासून आणि ग्रॅच्युइटीची दहापासून, म्हणजे पाचजणांच्या ऑफिसवर कायद्याने दोन्ही बंधनकारक नाही. पण बँकेतल्या विक्रीच्या टार्गेटचा ताण आणि बदल्या त्याच तागडीत घालाव्या लागतात. शिवाय वीसहून कमी माणसांच्या ऑफिसलाही स्वेच्छेने पीएफ लागू करून घेता येतो. मालकाची तयारी आहे का, हे पगाराचा आकडा ठरण्याआधी विचारावं, आणि ट्रेलमधला वाटा लेखी मागावा.