पत्ता कानाने टिपता यावा

गावाच्या संकेतस्थळाचा पत्ता बहुधा फोनवर सांगितला जातो, म्हणून तो ऐकताच टाइप करता यायला हवा. डोमेनच्या एका भागात 63 अक्षरे चालतात, पण गावाचे सलग पूर्ण नाव आणि सोबत फार तर एक शब्द पुरे. जोडरेघ आली की ‘मध्ये आडवी रेघ’ हे समजावत बसावे लागते. पनवेल स्थानकाचा ‘पीएनव्हीएल’ हा रेल्वे संकेत आखूड खरा, पण तो तिकिटापुरता बरा.

खरी अडचण वेगळीच. 2016 साली पनवेल महापालिका झाली आणि खारघर, कामोठे, कळंबोली तिच्यात आले. तिथले रहिवासी स्वतःला पनवेलकर म्हणवतीलच असे नाही. तरीही मुख्य नाव पनवेलचेच असावे. त्याच्याआधी टिंब देऊन ‘खारघर’ असा उपपत्ता जोडता येतो, वेगळे डोमेन लागत नाही. मग मराठी गावाचा पत्ता रोमनमध्ये का? ‘.भारत’ 2014 पासून मिळते, ते जरूर घ्यावे, पण जोडीला. देवनागरी पत्ते अजून सगळ्याच ऑनलाइन अर्जांना पचत नाहीत. नोंदणी मात्र साइट चालवणाऱ्या मंडळाच्या नावावर करावी, साइट बनवून देणाऱ्या हौशी मुलाच्या नव्हे. तो परगावी गेला, नूतनीकरण राहिले, की ते नाव कोणीही विकत घेऊ शकतो.