माल पुढे, खबर मागे : खानदेशी केळीच्या रवानगीचा आढावा

तापी-पूर्णेच्या संगमालगतचा मुक्ताईनगर तालुका, म्हणजे जुन्या दप्तरांतील एदलाबाद, दरसाल आषाढीपूर्वी संत मुक्ताबाईंची पालखी पंढरपुरास पाठवितो. महिनाभराहून अधिक चालणाऱ्या त्या पायी प्रवासात मुक्काम कोठे, शिधा कोणाकडे आणि पाणी कोणत्या गावी, याची तजवीज आधीच झालेली असते. माणसे योग्य वेळी योग्य स्थळी पोहोचविण्याची ही विद्या ज्या मातीत परंपरेने रुजली, त्याच मातीतील केळीची रवानगी किती निर्दोष झाली आहे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

केळीचा घड खोडापासून विलग झाला तरी त्याचे जीवन संपत नाही. तो श्वसन करीत राहतो, उष्णता सोडतो आणि आपल्याच वायूने पिकू लागतो. म्हणून कापणीच्या क्षणापासून व्यवस्थापनाची खरी परीक्षा सुरू होते. त्या क्षणापर्यंतची आपली प्रगती निःसंशय स्पृहणीय आहे. मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन हंगामांत लागवड विभागून आवक वर्षभर पसरविण्याचे शहाणपण येथील शेतकऱ्यांजवळ पूर्वीपासून होते; 1990च्या दशकात ऊतिसंवर्धित ‘ग्रँड नैन’ रोपांची व ठिबक सिंचनाची जोड मिळाली आणि बसराई वाणास सुमारे अठरा महिने लागत, तेथे अकरा-बारा महिन्यांत कापणी होऊ लागली. या परिवर्तनात जळगावच्या भवरलाल जैन यांच्या उद्योगाचा वाटा मोठा आहे.

वाहतुकीचा इतिहासही असाच बोधप्रद आहे. सावदा, निंभोरा, रावेर या स्थानकांवरून हिरवी केळी रेल्वेने उत्तरेकडे जात राहिली. पुढे मालमोटारींनी ते काम मोठ्या प्रमाणावर उचलले. आणि 7 ऑगस्ट 2020 रोजी देवळालीहून दानापूरकडे निघालेल्या पहिल्या किसान रेल्वेच्या थांब्यांत जळगाव व भुसावळ यांचाही समावेश होता. 2016 मध्ये जळगावच्या केळीस भौगोलिक मानांकन लाभले आणि जून 2021 मध्ये रावेर तालुक्यातील तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची 22 टन मानांकित केळी दुबईस रवाना झाली.

निर्यातीच्या मालाची रीत पाहिली म्हणजे आपली उणीव उघड होते. तेथे घड जमिनीला टेकू दिला जात नाही. फण्या सोडवून, धुऊन, प्रतवारी करून पेट्यांत भरतात आणि सुमारे 13 ते 14 अंश तापमान राखतात, कारण त्याखाली सालीस थंडीची इजा होते. उलट देशी बाजारासाठी घडांची रास उघड्या मालमोटारीत रचली जाते. तेव्हा बसलेला घाव हिरव्या सालीवर फारसा दिसत नाही. दूरच्या शहरी पिकवणगृहात साल पिवळी झाली की तो काळ्या डागाच्या रूपाने प्रकट होतो, आणि तोवर कापणारा, भरणारा, वाहणारा यांपैकी कसूर कोणाची, हे सांगणारा कोणी उरत नाही.

जपानमधील टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसताच सामान्य कामगारही इशारा देऊन काम थांबवू शकतो. दोष जेथे जन्मतो तेथेच तो कळावा, हे त्या पद्धतीचे मर्म. आपल्या व्यवहारात माल पुढे जातो, परंतु खबर मागे येत नाही. फलकावर जाहीर झालेला भाव आणि बांधावर हाती पडणारा भाव यांत अंतर का पडले, कोणत्या बागेची फणी कोठे डागाळली, याची नोंद शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नसेल, तर शीतगृहे आणि यंत्रे वाढवूनही उत्कृष्टता हाती येणार नाही. प्रत्येक पेटीवर बागेची व कापणीच्या दिवसाची खूण असावी, पिकवणगृहाने डागांचा हिशेब त्याच खुणेनिशी परत पाठवावा आणि भरणी करणाऱ्या मजुरास निगुतीच्या कामाचा अधिक मोबदला मिळावा, एवढी व्यवस्था आजच्या साधनांनी अशक्य नाही.

मुक्ताईची पालखी पंढरीस पोहोचली म्हणजे वारी पुरी होत नाही. ती वाटचालीचा सारा अनुभव घेऊन परत स्वस्थानी येते, आणि पुढल्या वर्षीची तजवीज त्या अनुभवावरच उभी राहते. केळीच्या रवानगीसही हा परतीचा प्रवास लाभला पाहिजे.