एका शब्दाला चौदा फ्रेम!

जे. आर. आर. टोल्किन यांची 'द हॉबिट' ही कादंबरी १९३७ सालची. पानं तीनशेच्या आसपास, शब्द साधारण ९५ हजार. पीटर जॅक्सनने २०१२ ते २०१४ या काळात तिच्यावर तीन चित्रपट काढले. पहिला १६९ मिनिटांचा, दुसरा १६१ मिनिटांचा, तिसरा १४४ मिनिटांचा. बेरीज ४७४ मिनिटं. आठ तासांना फक्त सहा मिनिटं कमी! त्यात हे चित्रपट सेकंदाला ४८ फ्रेम या वेगाने चित्रित झालेले, म्हणजे नेहमीच्या २४ च्या बरोबर दुप्पट. चला, गुणाकार करू. ४७४ गुणिले ६० गुणिले ४८. उत्तर १३ लाख ६५ हजार १२०. त्याला ९५ हजारांनी भागा. टोल्किनने कागदावर उतरवलेल्या एकेका शब्दाच्या वाट्याला चौदा फ्रेम! 'आणि'ला चौदा, 'पण'ला चौदा, स्वल्पविरामानंतरच्या 'तो'लाही चौदा!

आता दुसरं टोक बघा. 'हॅरी पॉटर'चं पाचवं पुस्तक सातांमध्ये सगळ्यात जाडजूड, शब्द सुमारे २ लाख ५७ हजार. त्याचा चित्रपट २००७ सालचा, लांबी १३८ मिनिटं. आठ चित्रपटांमध्ये याहून आखूड फक्त शेवटचा, १३० मिनिटांचा. सेकंदाला २४ च्या हिशेबाने १३८ मिनिटांच्या फ्रेम होतात १ लाख ९८ हजार ७२०. म्हणजे शब्द जास्त आणि फ्रेम कमी! एका शब्दाला एक अख्खी फ्रेमसुद्धा मिळत नाही, पाऊणच्या जरा वर मिळते.

एकीकडे चौदा, दुसरीकडे पाऊण. आमच्या ओझरला, विघ्नहराच्या देवळापासून येडगाव धरणाच्या पाण्यापर्यंत कुठेही चार वाचणारी पोरं जमली आणि पुस्तकावरून निघालेल्या चित्रपटाचा विषय निघाला, की पाचव्या मिनिटाला दोन तट पडतात. एक म्हणतो, "पुस्तकाची वाट लावली रे." दुसरा म्हणतो, "तू पुस्तक विसर आणि बघ ना!" असे तट जगभर पडले आहेत. मला वाटतं, या भांडणाचं मूळ या चौदात आणि पाऊणात आहे.

हिशेब आणखी सोपा करू. पडद्यावरचं एक मिनिट पुस्तकातले किती शब्द गिळतं? 'हॉबिट'चं मिनिट २०० शब्द. मनातल्या मनात वाचणारा माणूसही मिनिटाला दोनशे-अडीचशे शब्द वाचतो. म्हणजे चित्रपट बघायला लागणारा वेळ जवळपास पुस्तक वाचायला लागणाऱ्या वेळाएवढा! मग ताणलं, भर घातली, ही तक्रार येणारच. आणि भर घातलीच होती. टॉरिएल नावाची योद्धी पुस्तकात कुठेच नाही. लेगोलासही या पुस्तकात नाही. पाच सैन्यांची लढाई टोल्किनने मोजक्या पानांत उरकली आहे आणि तिच्या नावाने तिसरा चित्रपट उभा आहे, १४४ मिनिटांचा!

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं गणित वेगळं. शब्द सुमारे ४ लाख ८० हजार, चित्रपट तीन, एकूण ५५८ मिनिटं. मिनिटाला साधारण ८६० शब्द. 'हॅरी पॉटर'चा पहिला भाग मिनिटाला ५०० शब्दांच्या आसपास. आणि पाचवा? मिनिटाला १,८६०! सेकंदाला ३१ शब्द! घड्याळाचा काटा एकदा टकटकतो तेवढ्यात एकतीस शब्द वाचून दाखवा बरं कुणी. हॉगवर्ट्‌समध्ये धुडगूस घालणारं पीव्ह्‌ज हे भूत वाचकांचं एवढं लाडकं, पण आठही चित्रपटांत ते एकदासुद्धा दिसत नाही. एवढ्या घाईत त्याला जागा मिळणार तरी कुठे?

बरं, नुसतं शब्द कापण्यावरून भांडण असतं तर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वर सगळेच चिडले असते. त्यातूनही टॉम बॉम्बाडिल हे पात्र अख्खंच्या अख्खं गाळलं आहे. पण तिथे जे घडवलं त्याचे आकडे ऐका. ऑक्टोबर १९९९ मध्ये चित्रीकरण सुरू झालं आणि तिन्ही चित्रपटांचं काम एकत्रच चाललं. त्यात सुमारे ६० लाख फूट फिल्म खर्ची पडली. ६० लाख फूट म्हणजे १,८२८ किलोमीटर. मुंबई-पुणे अंतर दीडशे किलोमीटर धरलं, तर ही फिल्म रस्त्यावर अंथरत पुण्याला जायचं, मुंबईला परत यायचं, पुन्हा जायचं, पुन्हा यायचं. अशा जाऊन-येऊन सहा खेपा झाल्या तरी रीळ शिल्लक! आणि त्यातून आपण थेटरात पाहिलं ते किती? ५५८ मिनिटांची फिल्म होते सुमारे पन्नास हजार फूट, म्हणजे पंधरा किलोमीटर आणि थोडंसं वर. ओझरहून नारायणगावला जाऊन परत यायच्या आतच ती संपते. एकशेवीस फुटांतला एक फूट ठेवला, एकशे एकोणीस बाजूला!

चिलखतांचं तर विचारूच नका. सैनिकांच्या अंगावरच्या साखळीच्या चिलखतांसाठी प्लॅस्टिकच्या सुमारे सव्वा कोटी कड्या हातांनी एकात एक गुंफल्या. सव्वा कोटी! सेकंदाला एक कडी या वेगाने, रोज आठ तास, रविवारचीही सुट्टी न घेता एकच माणूस बसला असता तर ४३४ दिवस लागले असते, आणि सेकंदाला एक कडी कुणाच्याच हातून होत नाही. त्या कड्या रस्त्यावर ओळीने मांडू. एकीला सव्वा सेंटिमीटर जागा दिली, तर ओळ जाते १५६ किलोमीटर. पुन्हा मुंबई-पुणे, यावेळी नुसत्या कड्यांनी!

या मेहनतीचं फळ काय? २९ फेब्रुवारी २००४ रोजी तिसऱ्या भागाला ११ नामांकनं होती आणि अकराच्या अकरा ऑस्कर मिळाले. सगळं जग उभं राहून टाळ्या वाजवत होतं. पण टोल्किनचा मुलगा ख्रिस्तोफर, ज्याने वडिलांच्या हस्तलिखितांवर उभा जन्म घातला, त्याने २०१२ साली 'ल माँद' या फ्रेंच दैनिकाला स्पष्ट सांगितलं की या चित्रपटांनी पुस्तकाचा कोथळा काढला आहे. अकरा ऑस्कर एका पारड्यात आणि लेखकाचा मुलगा दुसऱ्यात! मला ख्रिस्तोफरचं दुःख कळतं आणि तरीही हे तीन चित्रपट मोठेच वाटतात. दोन्ही एकाच माणसाला वाटू शकतं.

मग ४८ फ्रेमवरूनही फूट पडली. निवडक थेटरांत 'हॉबिट' त्या वेगाने दाखवला गेला. पहिलाच भाग घ्या, १६९ मिनिटं म्हणजे ४ लाख ८६ हजार ७२० फ्रेम. थ्रीडीमध्ये डाव्या डोळ्याला वेगळी, उजव्याला वेगळी, म्हणजे पावणेदहा लाखांच्या घरात चित्रं एका बैठकीत डोळ्यांत शिरणार! काही प्रेक्षक म्हणाले, खिडकी उघडून पलीकडे बघतोय असं वाटलं. काही म्हणाले, सगळं टीव्ही मालिकेसारखं दिसलं, दाढ्या नकली दिसल्या, परीकथेची धुंदी उतरली. तोच चित्रपट, तेच तिकीट, आणि चित्रं दुप्पट मिळाली म्हणून तक्रार!

आता आपल्या मातीकडे येऊ. इथे गणित पार उलटं फिरतं. नारायण धारपांच्या एका कथेचं बीज 'तुंबाड'चे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांच्या डोक्यात १९९३ साली पडलं, नागझिऱ्याच्या जंगलात, मित्राच्या तोंडून ऐकताना. पहिला खर्डा १९९७ चा, तेव्हा बर्वे अठरा वर्षांचे. दृश्यांचे आराखडे काढले ते सातशे पानांचे. कथा मोजक्या पानांची आणि आराखडा सातशे पानांचा! 'तुंबाड' पडद्यावर आला १२ ऑक्टोबर २०१८ रोजी. बी पडल्यापासून पंचवीस वर्षं. चित्रीकरण चार पावसाळ्यांवर पसरलं, कारण खराखुरा पाऊस हवा होता आणि पाऊस बोलावून येत नाही, हे कुकडीच्या काठावर राहणाऱ्याला कुणी सांगायला नको. चित्रपटातला वाडा सासवडचा, आणि शीर्षकगीत आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या गावागावांतून लहानाचे मोठे झालेल्या अजय-अतुल यांचं.

एवढं करून चित्रपट किती? १०४ मिनिटं. फ्रेम १ लाख ४९ हजार ७६०. पंचवीस वर्षांत दिवस येतात नऊ हजारांच्या वर. म्हणजे एका दिवसाच्या वाट्याला सोळा फ्रेम, पाऊण सेकंदसुद्धा नाही! सकाळी उठायचं, दिवसभर ध्यास घ्यायचा, रात्री झोपायचं आणि चित्रपट पुढे सरकणार पाऊण सेकंदाहून कमी. असं पंचवीस वर्षं!

इथेही तट पडले. भुताचा सिनेमा समजून गेलेले काही जण दचकायला मिळालं नाही म्हणून हिरमुसले. काहींना ती लोभाची गोष्ट वाटली आणि ती उरात रुतून बसली. ही गोष्ट मराठी मातीची आणि बोलते मात्र हिंदीत, हे मला आजही खटकतं. पण निकाल प्रेक्षकांनीच फिरवला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी चित्रपट पुन्हा थेटरात लागला आणि सहा वर्षांपूर्वीच्या कमाईच्या दुपटीहून अधिक गल्ला जमला! नवा चित्रपट दुसऱ्या आठवड्यात उतरतो अशा काळात जुन्याने हे करून दाखवलं.

रुपयांचं नाव निघालंच आहे, तर 'हॅरी पॉटर'च्या आठ चित्रपटांचा जगभरचा गल्ला पाहू. सुमारे ७७० कोटी डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ६५ हजार कोटी रुपये. पाचशेच्या नोटा केल्या तर १३० कोटी नोटा. पाचशेची नोट पंधरा सेंटिमीटर लांब. एकीला एक लावत गेलं तर १ लाख ९५ हजार किलोमीटर! मुंबई-पुणे तेराशे वेळा! तेही नको, पृथ्वीच्या पोटाला गुंडाळा, जवळपास पाच वेढे बसतील!

तरीही खरा डोंगर चित्रपटांचा नाही, पुस्तकांचा आहे. 'हॅरी पॉटर'ची पुस्तकं ८० हून अधिक भाषांत गेली, मराठीतही आली, आणि जगभरात खपल्या ६० कोटींहून अधिक प्रती. अर्धा किलोची एक धरली तर तीन लाख टन. एका मालगाडीत चार हजार टन माल भरला तर पंचाहत्तर मालगाड्या लागतील. एकीमागे एक उभ्या केल्या, तर पहिलीचं इंजिन मुंबईच्या सीएसएमटीला आणि शेवटचा डबा पार कल्याणच्या जवळ! आमच्या भागात रेल्वे नाही, म्हणून विहिरीत मोजू. पंचवीस फूट रुंद आणि पन्नास फूट खोल अशी शेतातली विहीर. तिच्यात पुस्तकं ठासून भरली तर नऊ लाखांच्या आसपास मावतील. ६० कोटी प्रतींना अशा विहिरी लागतील पावणेसातशे! काठोकाठ!

आणि आता शेवटचा आकडा. त्यातली प्रत्येक प्रत एकदाच वाचली गेली असं धरा. घरात एक प्रत चार जण वाचतात, तरीही एकदाच. जाड पुस्तकांना कमी पडतील असे दहाच तास दर प्रतीला द्या. ६० कोटी गुणिले १० म्हणजे ६०० कोटी तास. २४ ने भागा, २५ कोटी दिवस. ३६५ ने भागा. ६ लाख ८४ हजार वर्षं! नाणेघाटातली सातवाहनांची लेणी कोरून साधारण दोन हजार वर्षं झाली. त्या दोन हजारांच्या साडेतीनशे पट काळ माणसांनी एका मुलाच्या शाळेत मनाने घालवला! प्रत्येकाच्या डोक्यातला जिना वेगळा, प्रत्येकाचा जंगलातला काळोख वेगळा, प्रत्येकाच्या कानातला त्या शाळेतल्या मास्तरांचा आवाज वेगळा. पावणेसात लाख वर्षं चाललेलं चित्रीकरण, कोट्यवधी दिग्दर्शक, आणि त्याच्यासमोर उभे आठ चित्रपट, एकूण १,१७९ मिनिटांचे. वीस तासही नाहीत!

एवढ्यावर सगळ्यांचं एकमत व्हावं ही अपेक्षाच धरू नये. माझा कौल विचाराल तर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' जमले, 'हॉबिट' एका चित्रपटाचा ऐवज होता, 'हॅरी पॉटर'च्या पाचव्याला आणखी तासभर हवा होता आणि 'तुंबाड' आपल्याकडच्या अद्‌भुत चित्रपटांत पहिल्या रांगेत बसतो. तुमचा कौल निराळा असेल तर तो जरूर मांडा, पण आधी पुस्तक वाचा. 'हॉबिट'पासूनच सुरुवात करा. तीनशे पानं आहेत, रोज वीस वाचली तर पंधरा दिवसांत संपतं.