शाळेचा अभ्यासक्रम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

काय शिकवायचे, कोणत्या इयत्तेत आणि त्याचे मूल्यमापन कसे करायचे, याचा आराखडा म्हणजे अभ्यासक्रम. नाशिकच्या शाळांत राज्य मंडळ, सीबीएसई आणि आयसीएसई हे तीन अभ्यासक्रम प्रामुख्याने चालतात. शाळेचे माध्यम, व्यवस्थापन आणि मंडळ या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या एकच समजल्याने बरेच गैरसमज होतात.

गैरसमज : इंग्रजी माध्यम म्हणजे सीबीएसई.
वस्तुस्थिती : माध्यम ही शिकवण्याची भाषा. राज्य मंडळाच्या मराठीप्रमाणेच इंग्रजी माध्यमाच्याही शाळा आहेत. मालेगावात उर्दू माध्यमाच्याही आहेत. एकाच इयत्तेची पुस्तके बालभारती अनेक भाषांत छापते.

गैरसमज : सैनिकी, निवासी किंवा आश्रमशाळांचा अभ्यासक्रम स्वतंत्र असतो.
वस्तुस्थिती : तिथे दिनक्रम वेगळा असतो, अभ्यासक्रम मंडळाचाच. १९३७ साली स्थापन झालेली भोसला मिलिटरी स्कूल सीबीएसईशी संलग्न आहे, तर देवळालीचे बार्न्स स्कूल आयसीएसईचे. पेठ-सुरगाण्यातील शासकीय आश्रमशाळा आदिवासी विकास विभाग चालवतो. मुलांच्या हाती मात्र बहुतांशी बालभारतीचीच पुस्तके असतात.

गैरसमज : जेईई, नीटसाठी सीबीएसईच हवे.
वस्तुस्थिती : कोणत्याही मान्यताप्राप्त मंडळाचा विद्यार्थी या परीक्षा देऊ शकतो. त्यांच्या तयारीला एनसीईआरटीची पुस्तके उपयोगी पडतात, हे खरे. पण राज्यातील अभियांत्रिकीच्या बहुतेक जागा ज्या एमएचटी-सीईटीतून भरल्या जातात, ती राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर बेतलेली असते : सुमारे २० टक्के भर अकरावीवर, ८० टक्के बारावीवर. तिथे सीबीएसईच्या विद्यार्थ्यालाच राज्याची पुस्तके चाळावी लागतात.

गैरसमज : ‘सीबीएसई पॅटर्न’ आल्याने राज्य मंडळ बंद होणार.
वस्तुस्थिती : मालेगाव बाह्यचे आमदार आणि शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी २०२५ मध्ये हा पॅटर्न जाहीर केला. २०२५-२६ मध्ये पहिलीपासून टप्प्याटप्प्याने बदल सुरू झाला, पण शाळांची संलग्नता बदललेली नाही. पाठ्यपुस्तके बालभारतीच काढते. नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील दहावी-बारावीच्या परीक्षा नाशिक विभागीय मंडळाकडेच आहेत.

गैरसमज : इतर मंडळांच्या शाळांत मराठी ऐच्छिक असते.
वस्तुस्थिती : २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी अनिवार्य आहे.

गैरसमज : नावात ‘इंटरनॅशनल’ म्हणजे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम.
वस्तुस्थिती : नावावरून मंडळ कळत नाही. केंब्रिज किंवा आयबीची मान्यता स्वतंत्रपणे मिळवावी लागते. प्रवेशापूर्वी शाळेचा संलग्नता क्रमांक मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा.