बाळाच्या खुर्चीची खोळ

उशीला अभ्रा का घालतात, असा प्रश्न कोणी विचारला तर तुम्ही हसाल. उशी मळते, उशी धुणे अवघड, अभ्रा धुणे सोपे, म्हणून! गादीची खोळ, बाळाच्या गळ्यातले लाळेरे, त्याच्या अंगाखालचे दुपटे आणि दुपट्याखालचे मेणकापड ही सारी एकाच युक्तीची रूपे आहेत. जी वस्तू धुता येत नाही तिच्यावर धुता येणारी वस्तू घालायची.

आता अशी कल्पना करा. तुमची ताई आणि भाऊजी अडीच वर्षांच्या भाच्याला घेऊन मोटारीने गावाला निघाले आहेत. मोटारीच्या मागच्या आसनावर लहान मुलांची खास खुर्ची पक्की बसवलेली आहे. मागच्या खेपेला घाटात भाच्याने त्या खुर्चीत दूध ओकले होते. म्हणून आजीने या वेळी एक मऊ गोधडी चौपदरी करून खुर्चीत अंथरली, काही भाग पाठीमागे आणि खांद्यांवरही घेतला, आणि वरून पट्टे लावले. खुर्ची स्वच्छ राहील, बाळाला मऊही लागेल. युक्ती तीच, अभ्र्याची. मग यात वावगे काय आहे?

वावगे आहे, आणि ते आजीच्या मायेत नसून गोधडीच्या जाडीत आहे. ते कसे, हे समजण्यासाठी आधी खुर्ची काय काम करते ते पाहू या.

मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने चालली आहे, म्हणजे दर सेकंदाला सुमारे १४ मीटर. ती एखाद्या भिंतीवर आदळली, तर तिचा पुढचा भाग चुरगळतो आणि साधारण ६० सेंटिमीटर अंतरात ती थांबते, असे धरू. तुमच्या पुस्तकातले v² = u² + 2as हे सूत्र वापरून मंदन काढा. उत्तर दर सेकंदाला सुमारे १६० मीटर प्रतिसेकंद येईल. हे गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ १६ पट झाले. याचा अर्थ असा की १२ किलो वजनाच्या मुलाला मोटारीबरोबर थांबवायला १९० किलो वजनाएवढे बल लागते. ताईने भाच्याला मांडीवर घेतले असते, तर तिला त्या क्षणी तांदळाची चार मोठी पोती हातांनी तोलून धरावी लागली असती. ते कोणाच्याही हातून होणार नाही. आईची मिठी कितीही घट्ट असली, तरी जडत्वाचा नियम तिच्यासाठी बदलत नाही.

हे काम पट्ट्याने करायचे असते. स्वीडनमधील व्होल्वो कंपनीचे अभियंता निल्स बोलिन यांनी १९५९ साली मोठ्या माणसांसाठी तीन ठिकाणी बांधलेला पट्टा तयार केला. लहान मुलांना मात्र तो नीट बसत नाही. तो त्यांच्या गळ्यावर आणि पोटावर येतो. म्हणून त्यांच्यासाठी निराळी खुर्ची हवी. स्वीडनमधीलच बर्टिल आल्डमन यांनी १९६४ च्या सुमारास तान्ह्या मुलांसाठी मागे तोंड असलेली खुर्ची बनवली. जेमिनी यानातील अंतराळवीर पाठ टेकून उड्डाणाचा दाब सहन करतात, हे पाहून त्यांना ती कल्पना सुचली होती. तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या जवळजवळ एकचतुर्थांश असते आणि मान नाजूक असते. म्हणून धक्का सगळ्या पाठीवर वाटला जाणे त्याच्या हिताचे असते. मूल मोठे झाले की खुर्ची पुढे तोंड करून बसवतात. तेव्हा मुलाला थांबवण्याचे काम मुख्यतः पट्टे करतात.

आता गोधडीकडे वळू. पट्टा ओढून घट्ट केला, तेव्हा तो मुलाच्या अंगावर घट्ट बसलेला नव्हता, फुगलेल्या गोधडीवर बसला होता. गोधडीच्या थरांत हवा असते. धक्क्याच्या क्षणी एवढे मोठे बल आले की ती हवा निघून जाते, गोधडी चेपते आणि पट्टा ढिला पडतो. ही ढिलाई ५ सेंटिमीटर आहे असे समजा. खुर्ची मोटारीबरोबर थांबू लागली, पण मूल ते ५ सेंटिमीटर आपल्या आधीच्याच वेगाने पुढे जात राहिले. पट्टा त्याला गाठतो तेव्हा मूल आणि खुर्ची यांच्या वेगांत किती फरक पडलेला असतो?

√(२ × १६० × ०.०५) = √१६ = ४ मीटर प्रतिसेकंद.

हा वेग आता पट्ट्याच्या ताणण्यात आणि शरीराच्या दबण्यात संपायचा आहे. त्यासाठी आणखी ५ सेंटिमीटर मिळाले असे धरले, तर ४² ÷ (२ × ०.०५) = १६०. म्हणजे खुर्चीचे १६० आणि हे वरचे १६०, मिळून ३२०. गुरुत्वत्वरणाच्या १६ पटींऐवजी ३२ पट! प्रत्यक्ष अपघातात पट्टा, खुर्ची आणि शरीर यांचे वागणे याहून गुंतागुंतीचे असते. पण या सोप्या गणितातूनही एवढे दिसते की पाच सेंटिमीटरच्या ढिलाईने मुलाच्या छातीवरचा भार दुप्पट होऊ शकतो.

विश्वास बसत नसेल तर दोन प्रयोग करून पाहा.

प्रयोग पहिला : शिवणाचा साधा सुती दोरा सुमारे ६० सेंटिमीटर घ्या. त्याचे एक टोक भक्कम खिळ्याला आणि दुसरे पाव किलोच्या दगडाला बांधा. खाली जुनी उशी ठेवा आणि पाय दूर ठेवा. दगड हलकेच सोडला तर दोरा तो सहज पेलतो. आता दगड ३० सेंटिमीटर वर उचला आणि सोडून द्या. दोरा तोच, दगडही तोच. पण दोरा बहुधा तुटेल. मध्ये आली ती फक्त ढिलाई.

प्रयोग दुसरा : पत्र्याच्या डब्याभोवती गोधडीची घडी गुंडाळा आणि तिच्यावरून कमरेचा पट्टा जोराने आवळून लावा. आता पट्टा न सोडता गोधडी ओढून काढा. डबा आणि पट्टा यांच्यामध्ये तुमचा अख्खा हात जाईल. ही झाली आजीच्या गोधडीची ढिलाई.

तर मग मुलांच्या खुर्चीला खोळ नसतेच का? असते, आणि ती धुताही येते. पण ती पातळ असते, पट्ट्यांसाठी तिला नेमक्या जागी भोके असतात, आणि खुर्चीची चाचणी घेताना ती खुर्चीवर असते. ती खुर्चीचाच एक अवयव आहे. बाजारात निराळ्या मिळणाऱ्या जाड, गुबगुबीत खोळी मात्र त्या खुर्चीबरोबर तपासलेल्या असतीलच असे नाही. हीच गोष्ट खुर्चीच्या खाली घालायच्या जाड चटईची. ती चेपली की सगळी खुर्चीच सैल होते.

खोळीच्या कापडातही बरेच विज्ञान आहे. साधारण दमट हवेत सुती कापड आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरून ठेवते. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून सुती कापड घाम टिपते, पण वाळायला वेळ घेते. पॉलिएस्टर चटकन वाळते. काही खोळींच्या आत पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा असतो. तो ओल खाली जाऊ देत नाही, आपल्या जुन्या मेणकापडासारखा. आगीचाही विचार केलेला असतो. अमेरिकेत १९७२ पासून असा नियम आहे की मोटारीच्या आतील कापड मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने जळता कामा नये. घरातल्या गोधडीची अशी परीक्षा कोणी घेतलेली नसते.

खोळ धुतानाही थोडे रसायनशास्त्र आठवावे. दूध किंवा अंडे सांडले असेल तर आधी थंड पाणी वापरा. गरम पाण्याने प्रथिने घट्ट होतात (उकडलेले अंडे आठवा!) आणि धाग्यांना चिकटून बसतात. दुधातील स्निग्ध पदार्थ मग साबण काढतो. लघवीचा उग्र वास येतो तो जीवाणू युरियापासून अमोनिया तयार करतात म्हणून. तेव्हा अशी खोळ तशीच ठेवू नका.

मात्र खोळ धुता येते म्हणून पट्टेही तिच्याबरोबर बादलीत टाकू नका. ही चूक पुष्कळ घरांत होते. पट्टे विशिष्ट विणीचे असतात. ब्लीचसारखी तीव्र रसायने आणि इस्त्रीची उष्णता यांनी त्यांचे धागे दुबळे होऊ शकतात, आणि तो दुबळेपणा डोळ्यांना दिसत नाही. पट्टे सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने नुसते पुसावेत. कुलपात बिस्किटाचा चुरा अडकला तर खुर्चीबरोबरच्या पुस्तिकेत सांगितले असेल तसे साफ करावे. त्यात तेल सोडू नये. तेलाला धूळ चिकटते.

भारतात २०१९ साली मोटार वाहन कायद्यात जे कलम १९४ ब आले, त्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांची खुर्ची न वापरता मोटारीतून नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. पण दंड चुकवण्यासाठी खुर्ची बसवली आणि तिच्यात गोधडी घातली, तर कायदा पाळला जाईल, मूल मात्र पुरते सुरक्षित होणार नाही.

आता आजीचे काय? तिला ‘तू चुकलीस’ असे म्हणू नका. मूल कोरडे आणि स्वच्छ असावे, हे तिचे म्हणणे अगदी बरोबर आहे. तिच्याजवळ बसा, डबा आणि गोधडीचा प्रयोग करून दाखवा. मग भाच्याला खुर्चीच्या मूळ खोळीवरच बसवा आणि पट्टे अंगाला घट्ट लावा. खांद्यावरच्या पट्ट्याची घडी बोटांच्या चिमटीत धरता येत नसेल, तर तो बरोबर बसला. त्यानंतर पातळ दुपटे छातीवर आणि मांडीवर पट्ट्यांच्या वरून पसरा. तोंडावर मात्र येऊ देऊ नका. थंडी असेल तर गोधडीही पायांवर तशीच वरून घाला. मोटार उन्हात उभी करायची असेल तर रिकाम्या खुर्चीवर पांढरी चादर टाका, म्हणजे कुलूप तापून बाळाला चटका बसणार नाही.

दुपटे तेच आणि गोधडीही तीच. फक्त त्यांची जागा पट्ट्याच्या खाली नसून पट्ट्याच्या वर आहे. पुढच्या वेळी मोटारीत मुलाची खुर्ची दिसली, तर पट्टा आणि अंग यांच्यामध्ये काय आहे, ते आधी पाहा.